ठिपकीची शेवटची कुपी

३ मार्च

चि. छोटीस,
अनेक आशीर्वाद.

फोन उचलत नाहीस, म्हणून पत्र. अजून रुसवा आहे का? तुला कंपनीतून काढलं ते भागीदारांनी. कामावरचं तुझं नाव पुसलं तेही त्यांच्याच हट्टापायी. माझा नाइलाज होता. आई म्हणते, लहानपणी तुझा अबोला आठवडाभर टिकायचा. आता वर्ष होत आलं.

कामाचं सांगतो. आपल्या ठिपकी बकरीच्या पेशी वाढायच्या थांबल्या आहेत. इन्क्युबेटर नवा, खाद्य तेच, तरी भांड्याच्या तळाशी नुसत्या पडून असतात. पंचवीस तारखेला पाहुण्यांना प्रयोगशाळेतल्या मांसाचा पहिला घास द्यायचा आहे. निमंत्रणंही गेली, वर ठळक छापलंय, एकाही जनावराला सुरी न लावता. तू पेशींना काय घालायचीस तेवढं कळव. तुझ्या वह्या पाहिल्या असत्या, पण पानोपानी तुझी सही, म्हणून त्या रद्दीत घातल्या.

बहिणीची माया आटत नाही, या भरवशावर असलेला,
दादा

९ मार्च

ती. स्व. दादास,
सा. न. वि. वि.

पत्र पोचलं. इतकं बरं वाटलं की दोनदा वाचलं.

अरे, मी वेगळं काही घालत नव्हते, मोजत होते. पेशी ठराविक वेळाच दुप्पट होतात, मग म्हाताऱ्या होतात. किती वेळा झाल्या ते वह्यांत होतं. तू ठेवून घेतलेल्या कुप्यांमधल्या पेशी तेव्हाच उतारवयाला लागल्या होत्या. निघताना सांगू शकले असते, पण मूग गिळून बसले. घरी आले, दिवस मोजले आणि कॅलेंडरवर फेब्रुवारीच्या शेवटच्या आठवड्याभोवती लाल गोल केला. तुझं पत्र जरा उशिराच आलं.

उपाय सोपा आहे. ठिपकीच्या मांडीतून पुन्हा सुईने चिमूटभर तुकडा काढ. कानामागे खाजवलं की शहाण्यासारखी उभी राहते. बाटलीने दूध पाजून वाढवलीय मी तिला, माझं नाव घेतलंस तरी जवळ येईल. मागच्या अंगणातच बांधतोस ना?

वहिनीला नमस्कार.

तुझ्या पंचवीस तारखेकडे डोळे लावून बसलेली,
छोटी

१३ मार्च

चि. छोटीस,
आशीर्वाद.

मुद्दाम विचारतेस की खरंच माहीत नाही, कळत नाही. ठिपकी नाही. तू गेल्यावर लगेच कंपनीचं उद्घाटन झालं, त्या जेवणासाठी कापली. पेशी कुपीत आल्या, बकरीचं काम संपलं, असं वाटलं. शेवटी जनावरच ते. पाहुणे बोटं चाटत होते.

दुसरी बकरी चालत नाही, परवाना ठिपकीच्याच पेशींचा आहे. आई सांगते, अगदी सुरुवातीची एक कुपी तुझ्याकडे आहे, नव्या नोकरीच्या जागी, नायट्रोजनच्या टाकीत गोठवून ठेवलेली. ती दे. तुझं नाव परत लावतो, माझ्या नावाच्या वर लावतो. माझ्या तोंडचं पाणी पळालंय गं. पंचवीसला घास दिला नाही तर कंपनी बुडाली. आईही म्हणते, भावाला बुडवू नकोस.

तुझ्यापुढे नाक घासणारा,
दादा

१८ मार्च

ती. स्व. दादास,
सा. न. वि. वि.

ठिपकीचं मला त्याच दिवशी कळलं होतं. वहिनी त्या पंगतीतून न जेवता उठली आणि ठिपकीच्या गळ्यातली घंटी तिने मला पाठवली. वर्षभर ती माझ्या टेबलावर आहे. मला फक्त तुझ्या हाताने लिहिलेलं हवं होतं, म्हणून अंगणाची चौकशी केली. तू इतक्या मोकळेपणाने लिहिशील असं वाटलं नव्हतं, आभारी आहे. तुझ्या पत्राच्या प्रती काढल्या. पाहुण्यांची यादीही वहिनीनेच दिली. निमंत्रणातलं ते ठळक वाक्य आणि तुझं पत्र, दोन्ही एकाच लिफाफ्यात, आतापर्यंत सगळ्यांना मिळाली असतील. तिच्यावर रागावू नकोस, तीही वर्षभर गप्पच होती.

कुपी होती. आईने खरं सांगितलं. काल सकाळी टाकीतून काढली आणि घंटीशेजारी टेबलावर ठेवली. बर्फ वितळला. मी खाद्य दिलं नाही, ऊब दिली नाही. दिवसभर समोर बसून राहिले. संध्याकाळी सूक्ष्मदर्शकाखाली पाहिलं तर एकही पेशी जिवंत नव्हती. खूप रडले, खोटं कशाला सांगू.

पण दादा, तू तिला एकदा खाल्लंस. दुसऱ्यांदा तुझ्या ताटात येऊ देणार नव्हते.

माया होती तेवढीच राहू दे, हे मागणं.
तुझी,
छोटी