किसेन्सोतलं हवेशीर घर

२ नोव्हेंबर
आई महिनाअखेर किक्वितहून कायमची येतेय. तिथलं घर काकांनी विकलं. फोनवर बोलून गेलो, "तू ये, किन्शासात आपलं घर तयार आहे." तसं तयारच आहे. कुठल्या वस्तीत, एवढंच ठरायचंय. निश्चय: आठवड्यात फायनल.

४ नोव्हेंबर
बांदाल वस्तीत गेलो. बीअर, गाणी, आपली माणसं. आई रमेल. घर बघण्याआधी जरा टेकलो. घर बघायचं राहिलं.

७ नोव्हेंबर, दुपार
दलाल पापा ओनोरेबरोबर मासिना. अंगणात घोट्यापर्यंत पाणी. म्हणे पाऊस सरला की उतरतं. मी म्हटलं, तोवर काय मासे व्हायचं? लेम्बात डिपॉझिट ऐकूनच बाहेर आलो. ओनोरेने माझे बूट पाहिले आणि म्हणाला, "बॉस, तुमचं नशीब किसेन्सोत आहे."

८ नोव्हेंबर
खरंच आहे. टेकडीवर दोन खोल्या, मागे स्वयंपाकाची छपरी, छपरीमागे एकदम आभाळ. असा व्ह्यू मंत्र्यांना नाही. डिपॉझिट निम्मं. आधीचा भाडेकरू फिस्टन फार सज्जन, हवेची तारीफ करून थकेना. सामान बांधून उंबऱ्यावरच बसला होता. नव्याचं डिपॉझिट आलं की जुन्याची सुटका, ही आपल्याकडची रीतच. मालकिणीने माझ्या नोटा माझ्यासमोर त्याच्या हातात ठेवल्या, आणि तो निरोपही न घेता पळाला. बस गाठायची असेल बिचाऱ्याला.

१२ नोव्हेंबर
गल्लीतले नंबर माझ्या घरापाशी संपतात. शेजारीण ममा लुसाम्बाला विचारलं, पुढची घरं कधी बांधणार? "बांधली होती की," म्हणाली आणि भाजीसाठी पोंदूचा पाला कुटत राहिली. इथली माणसं जरा खोचक आहेत.

१५ नोव्हेंबर
पहाटे पाऊस. मागे धप्पकन काहीतरी बसल्याचा आवाज. सकाळी छपरीमागची पपई जागेवर नव्हती. कुणीतरी चोरली असणार. मुळासकट.
ममा लुसाम्बा सांगून गेली, वाळूची पोती भरून कडेला लावायची, सगळी गल्ली लावते. मी म्हटलं, शनिवारी नक्की.

१८ नोव्हेंबर
शनिवारी मॅच निघाली.

२३ नोव्हेंबर
पुन्हा पाऊस. स्वयंपाक आता पुढच्या अंगणात करतो. छपरी तशी कोंदटच होती. व्ह्यू वाढला.
ओनोरेला फोन केला. म्हणाला, "जमीन आहे बॉस, तिलाही कधी पाय पसरावेसे वाटतात." मालकिणीकडे डिपॉझिट मागितलं. ते फिस्टनकडे गेलं ना, म्हणाली. "तुझ्यासारखाच एखादा गुणी मुलगा आण. त्याचं येईल ते तुझं." म्हणजे पैसे सुरक्षित आहेत. फक्त गुणी मुलगा हवा.

२९ नोव्हेंबर
आई आली. गाठोडी, खायच्या सुक्या अळ्यांची पिशवी, जिवंत कोंबडी. घरात शिरली ती थेट मागच्या दाराशी. उघडून बराच वेळ उभी राहिली. मग दार लावलं, खाट ओढून त्याला टेकवली. गाठोडी सोडली नाहीत. प्रवासाने दमली असेल.

१ डिसेंबर
ओनोरेने जोडपं आणलं. नवरा वेल्डर, हसरा. बायको पोटुशी, दिवस भरत आलेली. मी हवेबद्दल बोललो. व्ह्यूबद्दल बोललो. बोलता बोलता मलाच पटलं, कशाला सोडायचं असलं घर? नवऱ्याचा हात खिशाकडे गेला, तेवढ्यात आई त्या पोरीला म्हणाली, "चल बाळ, तुला मागची बाजू दाखवते. माझा हात मात्र सोडू नकोस."
दोघी परत आल्या. पोरगी नवऱ्याची बाही धरून चालू लागली. ओनोरे जाताना मला म्हणाला, "आईला गावीच ठेवायचं होतंस."
मी आईला शांतपणे समजावलं, ते आपलं डिपॉझिट चाललं होतं. "माहीत आहे," आई म्हणाली. "ऊठ, गाठोडी उचल."

२ डिसेंबर, संध्याकाळ
ममा लुसाम्बाच्या चर्चच्या पडवीत आहोत. ढग भरून आलेत. टेकडीकडून मधूनच माती घसरल्याचा आवाज येतो. कुणी मान वळवत नाही.
आईपुढे नवा प्लॅन मांडला: लिमेते पाहू, नाहीतर न्गाबा, नाहीतर नदीकाठाला. मस्त हवा. तिने सगळं ऐकून घेतलं. मग ममा लुसाम्बाला सोबत घेऊन घर बघायला निघाली. मीही उठलो, तर म्हणाली, "तू नको. तू इथे गाठोड्यांवर बस."
बसलोय.