हिरडीला लावलेलं ठिगळ

सातारा, ता. ४ जुलै १९७६

रा. रा. कृष्णातराव पाव्हणे, मुक्काम तासगाव, यांस पेन्शनर हवालदार नानासोचा रामराम. तुमची, वहिनींची आणि द्राक्षबागेची प्रकृती ठीक असेल, असं धरून चालतो. माझी विचाराल तर अंग ठणठणीत आहे, तोंड मात्र माझं राहिलेलं नाही.

खालच्या हिरड्या उतरून दातांची मुळं उघडी पडली होती. गार पाणी प्यायलो की मस्तकात कळ जायची. म्हणून महिन्यापूर्वी सांगलीच्या नव्या डॉक्टरकडे गेलो. त्यानं टाळूची नखाएवढी साल काढली आणि हिरडीवर टाके घालून शिवली. (आमच्या पलटणीतला शिंपीसुद्धा याहून हलक्या हातानं शिवायचा.) दहा दिवस पेजेवर काढले. ठिगळ धरलं, गुलाबी झालं, डॉक्टर खूश. अकराव्या दिवशी चहाच्या पहिल्याच घोटाला तोंडात मिसरीची चव आली.

मी जन्मात मिसरी लावलेली नाही, हे तुम्ही जाणता. उलट तुमच्या बहिणीला, दगडाबाईला, मी तीस वर्षं त्यापायी टोमणे मारले, तिच्या डब्या उकिरड्यावर फेकल्या. (दुसऱ्या दिवशी नवी डबी हजर!) आता रोज सकाळी तीच जळकी, कडू चव. परवा तर भानावर आलो तेव्हा मी परसात उकिडवा बसलो होतो आणि माझं बोट त्या ठिगळावरून फिरत होतं, उजवीकडून डावीकडे, थेट तिच्यासारखं. तिथं कधी येऊन बसलो, आठवत नाही. शेजारची शालूबाई कुंपणावरून बघून पांढरीफटक पडली. "आवं भावजी, दगडाक्काच बसल्यावानी वाटलं की वं," म्हणाली आणि घागर तिथंच टाकून आत पळाली. डॉक्टरला सांगितलं तर तो हसला. टाळू तुमची, हिरडी तुमची, तिसरं कुणी त्यात नाही, म्हणाला.

तिसरं कोण ते मला ठाऊक आहे. शेवटच्या दिवशी ती म्हणाली होती, "आवं, चिमूटभर द्या की." मी दिली नाही. डॉक्टरांनी मना केलंय, हे निमित्त. खरं तर मला माझा हेका सोडायचा नव्हता. मग दहाव्याला माहुलीच्या घाटावर पिंडाला कावळा शिवेना. तुम्ही आमच्या धाकटीच्या लग्नाचा शब्द दिलात, मी घर राखीन म्हणालो. मिसरीचं नाव मात्र ओठांवर येऊन परत गेलं. चारचौघांत लाज वाटली. शेवटी दर्भाचा कावळा शिववून आपण घरी आलो. पाव्हणं, त्याची मला आज शरम वाटते, आणि भीतीही. येत्या गुरुवारी वर्षश्राद्ध आहे. जरूर या. या खेपेला मी मोठ्यानं बोलणार आहे.

वहिनींना नमस्कार, पोरांना आशीर्वाद.

तुमचा,
नानासो

ता. क. : येताना मिसरी आणा, पण बाजारची नको. तुमच्या जुन्या चुलीमागच्या कोनाड्यात, सैल विटेमागं, तिनं लग्नाआधी आईच्या धाकानं लपवलेली पितळी डबी आहे, ती आणा. (मला कुणी सांगितलं, ते विचारू नका. जिवंतपणी ती कधी बोलली नव्हती.) डबी नसली तर उलट टपाली कळवा, मला फार बरं वाटेल.

ता. क. दुसरा : असली, तर पिंडाजवळ चिमूटभरच ठेवू. बाकीची मला लागेल.