ट्रेलरची हवा

प्रिय चिमणे,

तुझ्या मधमाश्यांच्या पेट्यांसाठी ट्रेलर हवाय, हा निरोप मिळाला. बाबा गेल्यापासून तो अंगणात उभाच आहे. म्हटलं, आधी टायर बघावेत. नक्षी अगदी नव्यासारखी, पण बाजूने बोट फिरवलं तर भेगाच भेगा. न वापरलेला टायरही म्हातारा होतो, असं बाबा म्हणायचेच.

आठवतं, पेट्या फुलांच्या शेतांकडे न्यायच्या दिवशी ते चहाच्याही आधी हवा तपासायचे? गाडी पळाली की टायर तापतो आणि आकडा चढतो, म्हणून गार असतानाच मोजायची. तू उकिडवी बसून मीटरवरचा आकडा मोठ्याने वाचायचीस आणि नाक काळं करून घरात यायचीस. मी ओरडायचे, पण तुम्हा दोघांना तसं बघायला मला फार आवडायचं.

आणि तुझा मामा! वाटेत भर उन्हात त्याने मीटर लावलं, आकडा जास्त दिसला, आणि बाबा पाणी आणायला गेलेले बघून या शहाण्याने सगळ्या चाकांची हवा सोडली. हवा कमी, वजन तेवढंच. पुढच्या चढावर टायर फुटला, दोन पेट्या रस्त्यावर आणि मामा शेतात, मागे माश्या. अति शहाणा त्याचा बैल रिकामा. आठवडाभर त्याला सुजलेलं तोंड उघडता येत नव्हतं, घरात काय शांतता होती.

तू दर वेळी विचारतेस, माझ्याकडे राहायला कधी येतेस? मी कधी गुडघ्यांचं कारण सांगते, कधी झाडांचं. खरं तर बाबांचं अंगण सोडवत नाही. पण हल्ली दिवेलागणीला घर खायला उठतं गं.

काल टायरवाल्याला घरीच बोलावलं. चारही चाकं आणि स्टेपनी बदलायची ठरली. त्याने विचारलं, वजन किती पडणार, त्या ताकदीचे टायर टाकतो. पेट्यांचं कितीसं असणार, असं सांगणार होते. तोंडातून निघालं, अख्खं घर. शिलाई मशीन, पलंग, बाबांची खुर्ची सगळं मागे चढव. मी पुढे तुझ्या शेजारी बसेन. ये न्यायला.

तुझीच,
आई