बाबांच्या गुडघ्यात गेलेली माझी सुट्टी

ती. दादास,

धाकटीचा साष्टांग नमस्कार. (प्रत्यक्ष घालता येत नाही, बाबांचा वॉकर मध्ये येतो.) तुझी पाठ कशी आहे? वहिनी, मुलं मजेत ना? आम्हीही मजेत आहोत, निदान आमच्या कारखान्याचं तरी तसंच म्हणणं आहे.

त्याचं असं झालं. बाबांच्या डाव्या गुडघ्याच्या ऑपरेशनसाठी मी घरच्यांच्या आजारपणाची रजा मागितली. साहेबांनी इतक्या प्रेमाने मान हलवली की मला मेलीला भरूनच आलं. परत कामावर आले तर पगार निम्मा! रजेचं काम बघणाऱ्या बाई म्हणाल्या, ही रजा बिनपगारीच असते; पण तुमचं नुकसान नको म्हणून आधी तुमची वर्षाची हक्काची सुट्टी त्यात वळती केली, आणि ती संपल्यावरच पगार कापला. म्हणजे मी बाबांचं भांडं उचलत होते तेव्हा कारखान्याच्या लेखी समुद्रकिनारी लोळत होते! आता सुट्टी शिल्लक शून्य. जरा विनंती करून बघ, असं सगळे म्हणाले. विनंती करतंय माझं खेटर!

आमच्या बटणांच्या कारखान्यात एक रीत आहे. सुट्टीवरून आलेल्याने चहाच्या वेळी सगळ्यांना खाऊ वाटायचा आणि सहलीचे फोटो दाखवायचे. (पॅकिंगवाल्या मावशींनी मागे एकच धबधबा चहा गार होईपर्यंत दाखवला होता.) मग मीच का मागे राहू? हॉस्पिटलच्या कँटीनमधली ती घशात अडकणारी बिस्किटं आणली. फोटो तर बाबांनीच हौसेने काढायला लावले होते. साहेबांच्या शेजारी ठाण मांडलं आणि एकेक दाखवत गेले: हे टाके, हे बाबा पहिल्यांदा उभे राहताना, ही मी संडासाच्या दाराशी त्यांचा टॉवेल धरून. काय हवा होती म्हणून सांगू साहेब! साहेबांचं बिस्कीट चहात पडून तळाला गेलं. मावशी हसता हसता डोळे पुसायला लागल्या. रजेच्या बाईंनी मात्र सगळे फोटो नीट पाहिले आणि हळूच म्हणाल्या, नियम मी नाही हो केला. ते मलाही कळतं, पण संताप कुठेतरी काढायला नको?

नियम काही बदलला नाही. मी मात्र ताठ मानेने कामाला जाते. कुणापुढे हात पसरणार नाही, अगदी तुझ्यापुढेही नाही. तू निश्चिंत राहा.

तुझी भांडखोर धाकटी

ता. क. बाबांचा उजवा गुडघा पुढच्या महिन्यात. आता मी रजा घेतली तर सगळीच बिनपगारी, आणि घरमालक काही बिनभाड्याचं राहू देत नाही. तुझी सुट्टी नुसती साठून पडली आहे म्हणे. (वहिनीवर चिडू नकोस, मीच खोदून खोदून विचारलं.) हॉस्पिटलात सोबतीला म्हणून तुझं नाव देऊन आले आहे.

आणखी एक ता. क. तू येतो आहेस, असं बाबांना सांगून टाकलंय. कशाला उगाच त्याची सुट्टी घालवतेस, म्हणाले. पण तेव्हापासून रोज दाढी करतात.