तळ्याची ओटी

मिलवॉकी, सप्टेंबर १९८६

ती. आईस, लांबवरून वृंदाचा वाकून नमस्कार.

यंदा मांजर्लीत नदी उंबऱ्याशी आली होती का? खरं सांग.

मी मजेत आहे. इथलं तळं एवढं मोठं, की पलीकडचा काठ दिसत नाही; धुक्यात आपलं घरच तरंगतंय असं वाटतं. सध्या पाणी फार चढलंय. घरमालकीण म्हणते, उतरू दे, अंगण चाललं. शेजारचा जहाजवाला म्हणतो, राहू दे, खोल पाण्यात माल जास्त भरता येतो. दोघांचं बोलणं बंद आहे.

काल मी तळ्याची ओटी भरली. पुरात तू नदीला म्हणतेस तेच तोंडात आलं, "बाई, आता माहेरी जा."

अर्थ सांगितल्यावर घरमालकीण खूश झाली, जहाजवाला फुगून बसला. तळं काही जागचं हललं नाही. मीच तेवढी माहेरी जाऊन आले.

तुझी,
वृंदा