इंजिन मोजायचं राहिलं

ती. दादांना,

साष्टांग नमस्कार (गुडघ्यांमुळे तूर्तास कमरेपर्यंतचाच). वहिनी तुम्हाला खोकल्याचं औषध वेळेवर देत असतील आणि तुम्ही ते वेळेवर बेसिनमध्ये ओतत असाल, असं धरून चालतो. इकडे तुमची बहीण मजेत आहे. माझं काय चाललंय ते मला नीटसं कळत नाही, म्हणून लिहायला बसलो.

मागच्या खोलीतली माझी छोटी रेल्वे तुम्ही पाहिली आहे (तिच्या पुलावर तुम्ही बसलाही होता, तो आता दुरुस्त झाला). निवृत्त झाल्यापासून मी गाडी सोडायचो, ती गोल फिरून माझ्याकडेच यायची, मी पुन्हा सोडायचो. एकदा तुमच्या बहिणीनं दारात उभं राहून विचारलं की ही गाडी जाते कुठे. मी गाडी पुन्हा सोडली. तेव्हा तिनं निकाल दिला की दोघांना मजा येईल असं काही जमत असेल तर ठीक, नाहीतर या खोलीत शिवणाचं मशीन येईल. (उभी हयात शाळेत पर्यवेक्षिका होती, तिच्या निकालावर अपील नसतं.)

मी चंग बांधला. माझा जन्म लोकांच्या जमिनी मोजण्यात गेला, रुळांचा नकाशा काढणं म्हणजे हातचा मळ. मासिकं चाळली. त्यांचं म्हणणं असं की गाडीला काहीतरी काम हवं, थांबणं हवं, समोरून दुसरी गाडी यायला हवी, तरच चालवणाऱ्याला गोडी लागते. म्हणून गोल मोडला. एक स्टेशन माझ्या टेबलावर, दुसरं भिंतीला भोक पाडून स्वयंपाकघरातल्या फळीवर, तुमच्या बहिणीच्या ताब्यात, आणि मधे एका गाडीनं बाजूला उभं राहून दुसरीला वाट द्यायची लूप लाइन. नियमही मीच लिहिले. पलीकडच्या स्टेशनमास्तरनं घंटी दिल्याशिवाय गाडी हलवायची नाही. (हे निव्वळ तिचा मान राखायला लिहिलं होतं. इतका मान मी पुन्हा कुणाचा राखणार नाही.)

पहिल्या संध्याकाळी वरच्या मजल्यावरच्या दातांच्या डॉक्टरांना मालगाडी दिली. माझी पॅसेंजर निघाली, त्यांची मालगाडी समोरून येऊन लूप लाइनीत शिरली, आणि तिचं शेपूट बाहेर राहिलं. मग ती मागे घेऊन माझी आत घातली, तर तिचंही शेपूट बाहेर. एखादा डबा काढून टाकू, असं डॉक्टर म्हणाले (धंद्याची सवय). मी फूटपट्टी आणून पुन्हा पुन्हा मोजलं. दादा, डबे मी मिलिमीटरपर्यंत बरोबर धरले होते. इंजिन मोजायचंच राहिलं होतं. लोकांच्या बांधांचे तंटे मिटवणाऱ्या माणसाच्या हातून हे व्हावं, याची मला फार लाज वाटली.

तेव्हा भिंतीच्या भोकातून तुमच्या बहिणीचा आवाज आला, "एक गाडी माझ्याकडे आणा." माझ्या टेबलावर एकच लाइन मावली होती, तिच्या स्टेशनात मात्र जागा भरपूर, कारण फळी लांब होती म्हणून मीच तिथे तीन लाइनी टाकल्या होत्या. झालं. तेव्हापासून कुठलीही गाडी तिच्या दारात गेल्याशिवाय दुसरीला वाट देऊ शकत नाही, आणि तिथे गेलेली गाडी माल उतरल्याशिवाय परत मिळत नाही. उशिराचं कारण द्यावं लागतं. "गाडी थांबली होती" हे कारण ती धरत नाही. डॉक्टर अदबीनं विचारतात म्हणून दोन्ही गाड्या आता तेच चालवतात. मी सांधेवाला आहे, दर गाडीला तिला विचारून रूळ बदलून देतो. आपल्याच रेल्वेत आपण नोकरीला कधी लागलो, हे माझ्या ध्यानातच आलं नाही. मजा येते का, असं तिनं विचारलं, तर मी हो म्हणालो. खरंच येते की काय, याचाही माझा घोळ झाला आहे.

वहिनींना नमस्कार.

आपला,
मेहुणा

ता. क. तुमचा शब्द ती मोडत नाही. आठवड्यातून एकदा तरी मला पॅसेंजर चालवू द्यावी, एवढं तिला लिहा. मी विनंती केली हे कळू देऊ नका.

दुसरा ता. क. ते जमणार नसेल, तर रुळाचा एक सरळ तुकडा पाठवा. लूप लाइन तेवढ्यानं पुरेशी लांब होईल. माझ्याकडे एक होता, पण कुठे गेला काही कळत नाही. पाकीट चिकटवतो. तुमची बहीण पोस्टाकडेच निघाली आहे, तिच्याच हाती देतो.

दादा, पाकीट मी उघडलं. रुळाचा तुकडा माझ्या कपाटात आहे, साड्यांच्या खाली. निवृत्त झाल्यापासून हे दिवस दिवस त्या खोलीत असायचे आणि मी इकडे. आता भिंतीपलीकडून दर गाडीला "सोडू का?" म्हणून विचारतात. मला ते ऐकायला फार बरं वाटतं. तू काही पाठवू नकोस.