एक खाट, दोन पाळ्या

१२ एप्रिल २००४
सांगतेय मी, लिहितेय सुलभा. सुनेच्या हातून सासूची रोजनिशी! मधे स्वतःचं काही घुसडलं तरी मला कुठं वाचता येतंय. गव्हाची कापणी सुरू. चहूकडे अरबांच्या मुलखाची वाळू, मधे फिरत्या फवाऱ्यांनी भिजवलेली, ताटासारखी गोल शेतं. डोळ्यात भुसा, चहात भुसा. श्रीकांत, माझा लेक, इथला फोरमन. घरी येतो तो झोपायलाच. शिणले बाई बघूनच.

१४ एप्रिल
कामगारांच्या खोल्यांकडे चटणी द्यायला गेले. पत्र्याच्या खोल्या. कापणीला माणसं वाढवली, खाटा तेवढ्याच. दिवसपाळीवाला उठला की रात्रपाळीवाला त्याच खाटेवर. साताऱ्याकडचा महादू म्हणाला, "आजी, आमची गादी कधी गार होतच नाही." मीही हसले. घरी येऊन जेवण गेलं नाही.

१७ एप्रिल
महादूला ताप. डॉक्टरने गोळ्या दिल्या, वर सांगितलं, पडून राहा. पडायचं कुठं? दिवसा खाट रात्रपाळीच्या दिनकरची. दिनकर उठायला तयार, पण न झोपता रात्री मशीन कसं चालवणार? महादू आपला पाण्याच्या टाकीच्या सावलीत, गोणपाटावर. म्हटलं, "ऊठ, चल घरी." माझ्या खाटेवर निजवला. मी खाली. गुडघ्यांनी शिव्या घातल्या.

१८ एप्रिल
कामगारांच्या खोल्यांवर देखरेख करणारा कॅम्प बॉस दारात. "अम्माजी, फॅमिली क्वार्टर में बॅचलर अलाउड नहीं."
"बॅचलर? तीन पोरों का बाप है वो!"
हसला नाही मेला. उद्यापर्यंत याला काढा, नाहीतर क्वार्टर खाली करा. श्रीकांत म्हणाला, "आई, नोकरी जाईल गं. इकामा, इथं राहायचा परवाना, त्यांच्या हातात." खोटं नाही त्याचं. महादू भिंत धरून उठायला लागला. "निजतोस का घालू एक?" म्हटलं. सुलभा ओट्याकडे वळली. आता लिहितानाही मान खालीच.

१९ एप्रिल
ताप उतरेना. श्रीकांत न जेवता कामावर गेला, माझ्याकडे बघितलंही नाही. आपलंच पोर, काय बोलणार...
सुलभाने महादूला पेज दिली. मग माळ्यावरची बॅग काढली. मला वाटलं, माझी बोळवण. म्हटलं, "मला पाठवतेस होय गं?"
"नाही हो आई. क्वार्टर सोडायचं झालं तर भांडी आधी बांधायला हवीत."
घ्या! सोळा वर्षांत पहिल्यांदा एकमत. लिही, लिही, लाजू नकोस.
बाहेर कॅम्प बॉसची गाडी थांबली. पेन ठेव. तू बस त्याच्याजवळ, दार मी उघडते.